ऑर्डर हातात आल्यापासून नोंदीवर सही होईपर्यंत: वृद्ध शुश्रूषा केंद्रातील कामाची पद्धत

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात डॉक्टर दिवसभर हजर नसतात. ठरलेल्या दिवशी येतात, तपासतात, ऑर्डर लिहितात आणि जातात. मधल्या सगळ्या काळात निवाशांकडे लक्ष असतं ते सिस्टरचं आणि काळजीवाहकांचं. म्हणूनच रुग्णालयापेक्षाही इथे कागदावर जास्त भिस्त असते. डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात ती आपण लिहिलेल्या बीपीवरून, आणि रात्रपाळीची सिस्टर आजींना उठवायचं की झोपू द्यायचं हे ठरवते ते दुपारच्या नोंदीवरून. माझ्या मते ऑर्डर पाळणं आणि नोंद ठेवणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. औषध दिलं, त्याचा परिणाम पाहिला आणि तो लिहिला, की मगच ऑर्डर पूर्ण झाली.

नव्याने कामाला लागलेल्यांसाठी, आणि बरीच वर्षं काम करूनही ही पद्धत कुणी नीट शिकवली नाही अशांसाठी, ती क्रमाने मांडते आहे.

ऑर्डर पूर्ण आहे का, ते आधी पाहा

औषधाच्या ऑर्डरमध्ये इतक्या गोष्टी असायलाच हव्यात: निवाशाचं पूर्ण नाव, औषधाचं नाव, मात्रा, कोणत्या मार्गाने द्यायचं, किती वाजता किंवा किती वेळा, कशासाठी, किती दिवस, आणि डॉक्टरांची सही तारीख-वेळेसह. यातलं एकही गाळलेलं असेल तर अंदाज बांधू नका, विचारा. अँटिबायोटिकला शेवटची तारीख नसते, बीपीच्या गोळीला ‘किती खाली असेल तर देऊ नये’ हे लिहिलेलं नसतं, या दोन उणिवा वारंवार दिसतात. ‘सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) १०० च्या खाली असल्यास गोळी देऊ नका आणि कळवा’ एवढं एक वाक्य ऑर्डरमध्ये असलं की पहाटे सहाला सिस्टरची घालमेल होत नाही. आकडा अर्थातच डॉक्टर ठरवतील, प्रत्येक निवाशासाठी तो वेगळा असू शकतो.

एसओएस, म्हणजे गरज पडली तरच द्यायच्या, औषधांकडे विशेष लक्ष द्या. ‘पॅरासिटामॉल एसओएस’ ही अर्धवट ऑर्डर झाली. पूर्ण ऑर्डर अशी दिसते: ‘पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, एक गोळी तोंडाने, गुडघेदुखीसाठी गरज पडल्यास; दोन मात्रांमध्ये किमान ६ तास; २४ तासांत जास्तीत जास्त ४ गोळ्या.’ शेवटची मर्यादा का हवी? सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरली जाते ती सगळ्या औषधांमधून मिळून, आणि अशक्त, कमी वजनाच्या वृद्धांसाठी डॉक्टर ती आणखी खाली ठेवतात.

औषधाखेरीजच्या ऑर्डरही ऑर्डरच असतात. त्या हमखास मागे पडतात, कारण औषधाच्या तक्त्यात त्यांना रकाना नसतो. ड्रेसिंग कशाने, किती वेळा, नेमकं कुठे. ऑक्सिजन किती लिटर, कशातून, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, किती राखायचं (सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांत साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात, जास्त ऑक्सिजन त्यांना अपायकारक ठरू शकतो). पाणी मोजून द्यायचं का. वजन कधी करायचं. आहाराच्या ऑर्डरमध्ये ‘मऊ आहार’ एवढंच लिहिलं असेल तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. गिळायला त्रास असणाऱ्यांसाठी आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ० ते ७ असे स्तर ठरवलेले आहेत, पातळ पाण्यापासून नेहमीच्या जेवणापर्यंत. स्तराचा आकडा लिहिला की स्वयंपाकघर, काळजीवाहक आणि सिस्टर तिघांच्याही मनात एकच पदार्थ येतो. या निवाशांच्या बाबतीत चूक झाली तर घास श्वासनलिकेत जातो, म्हणून इथे आग्रह धराच.

आकडे लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, आणि तिच्यातले मुद्दे आपल्यालाही तंतोतंत लागू पडतात. इन्सुलिनसाठी ‘यू’ (U) हे एकच इंग्रजी अक्षर लिहू नका, ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० होतात. ‘युनिट’ असा पूर्ण शब्द लिहा. १ मिलिग्रॅमसाठी १.० लिहू नका, कारण टिंब पुसट झालं की १० होतात. उलट अर्ध्यासाठी ०.५ लिहा, नुसतं .५ नको. आपल्याकडे यात आणखी एक धोका मिसळतो. घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. एका केंद्रात, एका तक्त्यावर, सगळे आकडे एकाच लिपीत असावेत हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

फोनवरची ऑर्डर

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. फोन करण्याआधी चार्ट समोर उघडा, बीपी, पल्स, ताप, श्वास, सॅच्युरेशन आणि गरज असेल तर शुगर ताजी घ्या, ॲलर्जी आणि चालू औषधं डोळ्यांसमोर ठेवा. बोलताना एसबार ही पद्धत उपयोगी पडते. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून आरोग्यसेवेत आली: काय झालंय, पार्श्वभूमी काय, मला काय दिसतंय, आणि मला काय हवंय, या क्रमाने बोलायचं. ऐकायला साधी वाटते, पण रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या डॉक्टरांना नेमकं हेच लागतं. उदाहरणार्थ:

‘नमस्कार सर, केंद्रातून रात्रपाळीची सिस्टर बोलतेय, खोली ६ मधल्या आजींबद्दल. संध्याकाळपासून त्या असंबद्ध बोलतायत, मुलीला ओळखलं नाही. काल अगदी व्यवस्थित होत्या. वय ८२, मधुमेह आहे, तीन आठवड्यांपासून कॅथेटर आहे, सल्फाची ॲलर्जी आहे. आत्ता ताप ३७.९, पल्स १०४, बीपी १०४/६०, श्वास २२, सॅच्युरेशन ९५, शुगर १६२. लघवी गढूळ, आठ तासांत १५० मिली. मला इन्फेक्शनची शंका वाटतेय. आपण बघायला येता का, की रुग्णालयात पाठवू?’

३७.९ हा ताप फारसा वाटत नाही, म्हणून कुणी सकाळपर्यंत थांबलं असतं. पण वृद्धांना इन्फेक्शनमध्ये अनेकदा जोराचा ताप येतच नाही. शुश्रूषा केंद्रातल्या निवाशांसाठी तोंडातलं तापमान एकदा जरी ३७.८ अंश सेल्सिअसच्या (१०० फॅरनहाइट) वर गेलं तरी तो ताप धरावा, असं मानलं जातं. आणि अचानक उडालेला गोंधळ हे ‘वयामुळे होतं’ म्हणून कधीही सोडून देऊ नका.

आता ऑर्डर घेणं. ऐकता ऐकताच लिहा, फोन ठेवल्यावर आठवून लिहू नका. लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवा. मात्रा अंकागणिक म्हणा, कारण इंग्रजीतले ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात: ‘पंधरा, म्हणजे एक-पाच.’ डॉक्टरांनी ‘बरोबर’ म्हटल्यावरच फोन ठेवा. ऑर्डरखाली डॉक्टरांचं नाव, तारीख, वेळ, तुमचं नाव आणि ‘वाचून दाखवली, दुजोरा मिळाला’ असं लिहा. पुढच्या भेटीत, किंवा तुमच्या केंद्राने ठरवलेल्या मुदतीत, डॉक्टरांची सही घेणं ही ऑर्डर घेणाऱ्याचीच जबाबदारी. नातेवाइकांनी फोनवर सांगितलेला डॉक्टरांचा निरोप म्हणजे ऑर्डर नव्हे, तो कितीही विश्वासू नातेवाईक असो. डॉक्टरांना स्वतः फोन करा.

ऑर्डर चार्टवर उतरवणं

एकीने उतरवावं, दुसरीने मूळ ऑर्डरशी ताडून पाहावं. बंद झालेलं औषध तक्त्यावरही बंद झालं आहे ना, हे पाहायला विसरू नका. रात्रपाळीत मागच्या २४ तासांतल्या सगळ्या नव्या ऑर्डर पुन्हा एकदा तपासण्याची पद्धत असेल तर ती मोडू देऊ नका.

निवासी रुग्णालयातून परत येतो तो दिवस सगळ्यात जोखमीचा. त्या दिवशी तीन याद्या शेजारी शेजारी ठेवा: जाण्यापूर्वीची औषधं, रुग्णालयात दिलेली औषधं, डिस्चार्ज कार्डावरची औषधं. जुन्या यादीतलं एखादं औषध कार्डावर नसेल तर ते मुद्दाम बंद केलंय की लिहायचं राहिलंय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. एकच औषध दोन वेगळ्या ब्रँडच्या नावांनी दोन याद्यांत असतं आणि दोन्ही सुरू राहतात, असंही होतं. म्हणून ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या नावाने जुळवणी करा. अमेरिकेतल्या नियमांत नव्या निवाशासाठी ४८ तासांच्या आत प्राथमिक काळजी आराखडा तयार करावा लागतो. ही मुदत कुठल्याही केंद्राने स्वतःला लावून घ्यावी अशीच आहे.

प्रत्यक्ष देताना

योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच मुद्दे सगळ्यांना पाठ असतात, पण शुश्रूषा केंद्रात पहिलाच मुद्दा अवघड असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना कुठल्याही नावाने हाक मारली तरी ते ‘हो’ म्हणतात. तक्त्यावर अलीकडचा फोटो असू द्या आणि ‘तुम्ही अमुक ना?’ असं न विचारता ‘तुमचं नाव काय?’ असं विचारा.

वेळेच्या बाबतीत ‘सकाळची औषधं’ असा एकच गठ्ठा करू नका. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. हाडांसाठीची अलेंड्रोनेट पेलाभर पाण्याबरोबर रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर निदान अर्धा तास ताठ बसवून ठेवायचं, आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखमा होतात. जेवणाआधीचं झटपट काम करणारं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय देऊ नका. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. ६० च्या खाली असतील तर सहसा थांबून कळवायचं असतं. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधी फार्मासिस्टला विचारा. सावकाश विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. तीव्र वेदनेसाठी त्वचेवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच साधारण ७२ तासांनी बदलतात. नवा लावण्याआधी जुना शोधून काढा, चिकट बाजू आत दुमडून केंद्राच्या नियमाप्रमाणे टाका, आणि नवा कुठे लावला ते लिहा. जुना पॅच पाठीवर राहून गेला आणि नवा छातीवर लावला, तर दोन्हीकडून औषध जात राहतं.

तक्त्यावर सही करायची ती गोळी गिळल्यानंतरच. सगळ्यांच्या सह्या आधी उरकून मग ट्रॉली फिरवणं ही सवय कुठे दिसली तर ती त्याच दिवशी थांबवा.

औषध दिलं नाही तर

रिकामा रकाना सगळ्यात घातक. दिलं की नाही, विसरलं की नाकारलं, काहीच कळत नाही, आणि पुढची सिस्टर एकतर दुसऱ्यांदा देते किंवा देतच नाही. न दिलेल्या प्रत्येक मात्रेचं कारण लिहा: बीपी ९२/५६ होतं म्हणून थांबवलं, उलटी झाली, औषध संपलं होतं आणि अमुक वाजता मागवलं.

नाकारण्याचा हक्क निवाशाला आहे. जोर करू नका. थोड्या वेळाने, शक्य असेल तर दुसऱ्या कुणीतरी पुन्हा विचारावं, आणि कारण त्यांच्याच शब्दांत लिहावं. ‘औषध नाकारले’ यातून काही कळत नाही. ‘ही गोळी घेतली की डोकं गरगरतं, असं म्हणाले, सकाळी ८.१० आणि ८.४० ला विचारले, दोन्ही वेळा नकार. डॉक्टरांना ९ वाजता कळवले’ एवढं लिहिलं की डॉक्टरांना कदाचित उपायही सापडतो. जेवणात लपवून औषध देणं हा निर्णय सिस्टरने एकटीने घ्यायचा नसतो. त्यासाठी डॉक्टर, निवाशाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती आणि लेखी नोंद, तिन्ही लागतात.

नोंद कशी लिहावी

जे पाहिलं, ऐकलं, मोजलं ते लिहा. ‘रात्र शांत गेली’, ‘प्रकृती स्थिर’, ‘जेवण चांगलं घेतलं’ ही वाक्यं कुठल्याही निवाशाच्या चार्टवर चालतील, म्हणूनच ती कुणाच्याच उपयोगाची नाहीत. फरक पाहा.

असं नको: ‘आजोबा दिवसभर चिडचिड करत होते. हट्टीपणा. एसओएस दिले. बरे वाटले.’

असं हवं: ‘१४.२०: कूस बदलताना ओरडले, काळजीवाहकाचा हात ढकलला. उजव्या खुब्याकडे हात नेतात, विचारल्यावर “दुखतंय” म्हणाले. वेदना १० पैकी ७. खुब्यावर सूज नाही, त्वचा अखंड. १४.३० ला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम तोंडाने दिले, डाव्या कुशीवर उशी लावून झोपवले. १५.३०: वेदना १० पैकी ३, कूस बदलू दिली.’

पहिल्या नोंदीत एक हट्टी म्हातारा दिसतो. दुसरीत दुखणारा माणूस दिसतो आणि उद्या त्याला तपासायला हवं हेही कळतं. ‘हट्टी’, ‘त्रासदायक’, ‘सहकार्य करत नाहीत’ हे शब्द चार्टवर कधीच येऊ नयेत. एकदा लिहिले की पुढची प्रत्येक सिस्टर त्या माणसाकडे त्याच नजरेने बघते. आणि एसओएसनंतरची ती १५.३० ची ओळ: तोंडाने दिलेल्या औषधाचा परिणाम साधारण तासाभराने पाहून लिहायलाच हवा. ती ओळ नसेल तर मात्रा वाढवायची की बदलायची हे डॉक्टर कशावरून ठरवणार?

बेडसोअरची नोंद मोजपट्टीने करा: जागा, लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, तळाचा रंग, स्राव, वास, कडेची त्वचा, वेदना. पहिल्या टप्प्यात त्वचा फुटलेली नसते, फक्त बोटाने दाबूनही न जाणारी लाली असते. सावळ्या त्वचेवर ती लाली दिसतच नाही, तिथे हाताला गरमपणा, कडकपणा किंवा मऊपणा जाणवतो का ते पाहावं लागतं. धोका ओळखण्यासाठी ब्रेडन मापन वापरत असाल तर ते ६ ते २३ गुणांचं असतं, गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली काळजी सुरू करायची. कूस बदलण्याच्या तक्त्यावर ड्युटी संपताना एकाच पेनाने सगळ्या खुणा केलेल्या लगेच ओळखू येतात. त्या त्या वेळी कोणती कूस दिली हे लिहिण्याची शिस्त लावा.

जेवण किती घेतलं ते पाव, निम्मं, पाऊण, पूर्ण असं लिहा. वजन त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे डॉक्टरांना कळवण्याइतकी मोठी गोष्ट. ६० किलोच्या आजोबांचं महिन्यात ३ किलो वजन गेलं तर ते नजरेला कळत नाही, कागदावरच कळतं.

चूक झाली तर एक आडवी रेघ, मूळ शब्द वाचता येतील अशी. बाजूला ‘चुकीची नोंद’, सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नको, पान फाडणं तर नकोच. राहून गेलेली नोंद ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून आताच्या वेळेने करा आणि घटनेची वेळ वाक्यात सांगा. मधे रिकाम्या ओळी सोडू नका. दुसरीने केलेल्या कामावर आपली सही नको. संगणकावर नोंद होत असेल तर दुसरीच्या लॉगिनने लिहू नका आणि कालची नोंद कॉपी करू नका. बरी झालेली जखम त्यामुळे कागदावर महिनाभर तशीच राहते.

कुणी पडलं तर

पडताना पाहिलं नसेल तर ‘पडले’ लिहू नका. ‘२.१५ ला पलंगाशेजारी जमिनीवर उजव्या कुशीवर आढळले’ असं लिहा. उचलण्याआधी शुद्ध, वेदना, हातापायांची हालचाल तपासा. डोक्याला मार बसलेला असो वा कुणी पाहिलेलं नसो, शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या, हातांची पकड आणि बीपी-पल्स सुरुवातीला दर १५ मिनिटांनी आणि मग हळूहळू अंतर वाढवत पाहायचं असतं; अनेक केंद्रांत हे ७२ तास चालतं. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना फोन करताना ते पहिल्याच वाक्यात सांगा. घरच्यांना कुणी, किती वाजता कळवलं, तेही चार्टवर येऊ द्या.

ड्युटी सोपवताना

शक्य तिथे हँडओव्हर पलंगाशी उभं राहून द्या, युरिन बॅग, ड्रेसिंग, ऑक्सिजनचा आकडा दोघींनी पाहून. नियंत्रित औषधं जाणारी आणि येणारी अशा दोघींनी मिळून मोजायची, सही दोघींची. आणि अर्धवट राहिलेल्या गोष्टी वेगळ्या सांगा: रक्ताचा रिपोर्ट यायचाय, डॉक्टरांचा फोन यायचाय, १९.३० ला वेदना पुन्हा पाहायच्यात.

केंद्र चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा कुठलाही एक चार्ट उचलावा आणि त्यातली एकच ऑर्डर धरून शेवटपर्यंत जावं. ती कधी आली, तक्त्यावर कधी उतरली, पहिली मात्रा कधी दिली, परिणाम कुठे लिहिला, डॉक्टरांनी तो पाहिला का. साखळी जिथे तुटलेली दिसेल तिथे कुणाला बोल लावण्याआधी पाहा, त्या पाळीत माणसं पुरेशी होती का, तक्ता हाताशी होता का, आणि फोन करायला कुणाची परवानगी मागावी लागत होती का.